पुंडरीकाची पत्नी

पुंडलिकाची कथा महाराष्ट्रांतील घरोघरची आहे. पण त्या कथेवरील तेलुगूंतला नामांकित बोलपट आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. कमलाकर कामेश्वर राव यांनीं दिग्दर्शित केलेला ‘पांडुरंग माहात्म्यम्’ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुंडरीक झाले आहेत नंदमूरि तारक रामाराव, त्याची पत्नी रमा अंजलीदेवी आणि त्याला नादीं लावणारी कलावती बी. सरोजादेवी. त्याच वर्षीं ‘मायाबझार’मध्यें रामारावांनीं श्रीकृष्ण रंगविला होता. ज्या मुखाला प्रेक्षकांनीं देव म्हणून हात जोडले, तेंच मुख येथें आईबापांना घराबाहेर काढणाऱ्या पुत्राचें आहे. ही निवड मला धाडसाची वाटते.

आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या कथेंत पुंडलिक बायकोच्या कह्यांत गेलेला असतो. काशीयात्रेला जातांना बायको खांद्यावर आणि म्हातारे आईबाप पायीं, हें चित्र लहानपणीं कोणी ऐकलेलें नाहीं? सारा दोष पत्नीच्या माथीं मारून कथेकरी मोकळा होतो. तेलुगु बोलपटानें तो दोष तेथून उचलून वेश्येच्या पदरांत टाकला आहे. पत्नी निष्कलंक झाली खरी, परंतु त्याबरोबरच तिच्या वांट्याचें कार्यहि गेलें. रमा सोसते, सासूसासऱ्यांना जपते, देवापाशीं पतीचें कल्याण मागते. अंजलीदेवींचा अभिनय संयमी आहे. त्या संयमाखालीं दाबून धरलेलें असें मात्र कांहीं जाणवत नाहीं. पतीनें मोडलेलें घर तिचेंहि होतें, हा विचार तिच्या डोळ्यांत उमटलेला मला दिसला नाहीं.

याचें कारण शोधूं गेल्यास तेलुगु काव्याकडे वळावें लागतें. सोळाव्या शतकांतील तेनालि रामकृष्णाचें ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ तेलुगूच्या पंचमहाकाव्यांत गणलें जातें. (मुलांच्या गोष्टींतला विनोदी तेनालीराम तो हाच, त्याच्या नांवावर एवढें गंभीर काव्य असावें, याचें आपल्या वाचकांना नवल वाटेल.) त्या काव्यांत निगमशर्मा नामक कुलीन ब्राह्मणाचें उपाख्यान आहे. हा गृहस्थ वेश्यांच्या पायीं वडिलार्जित संपत्ति उधळतो आणि अखेर घरांतले दागिने घेऊन पळून जातो. बोलपटांतील पुंडरीकाचें पूर्वचरित्र ह्या निगमशर्म्याशीं इतकें जुळतें कीं, दोन कथांचा येथें सांधा केला आहे असें मी समजतों. पण त्या उपाख्यानाचा प्राण निगमशर्मा नव्हेच. त्याची थोरली बहीण हा त्याचा प्राण. कवीनें तिला नांवसुद्धां दिलेलें नाहीं. ती माहेरीं येते आणि आईबापांची, बायकोची काय दशा झाली आहे तें भावाला समोर बसवून स्पष्ट शब्दांत सुनावते. तेलुगु रसिक आजहि तिला ‘निगमशर्म्याची अक्का’ म्हणूनच ओळखतात. काव्यांतला व्यसनी पुरुष पडद्यावर आला; त्या अक्केच्या तोलाचें बोलणारी स्त्री मात्र तेथें आढळत नाहीं.

अशा वेळीं प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवल्यावांचून राहत नाहीं. दामले-फत्तेलालांच्या त्या बोलपटांत गौरीबाईंची जिजाई विठ्ठलाच्या नांवानें बोटें मोडते, आजारी पोरासाठीं त्याच्यावर पायताण उगारायला निघते. तिला कोणी पतिव्रता म्हणून ओंवाळीत नाहीं. तरीहि नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर चढणारी तीच! तिच्या त्राग्याशेजारीं तुकोबांची शांति खरी वाटते, कारण त्या शांतीची किंमत घरांत कोण देत आहे हें आपल्याला दिसत असतें. रमेच्या मौनाशेजारीं पुंडरीकाचें पाप मात्र स्वस्त होतें.

उत्तरार्ध याहून पुष्कळ वरच्या पायरीवर आहे, हें सांगणें अवश्य आहे. मुनीच्या अवमानामुळें पाय गमावून बसलेला पुंडरीक आईबापांसाठीं टाहो फोडीत सरपटत जातो, तेव्हां घंटसालांचा स्वर आणि टी. व्ही. राजूंचें संगीत यांनीं प्रसंग पूर्ण व्यापला आहे. पूर्वीं पोतना, त्यागय्या आणि वेमना ह्या संतांच्या भूमिका केलेले नागय्या येथें पिता झाले आहेत. रामारावांचा आवेश कांहीं ठिकाणीं रंगभूमीच्या मापाचा होतो, तर नागय्यांच्या नुसत्या पाहण्यांत क्षमा असते. पश्चात्तापाचें सारें ऋण पुत्र आईबापांना फेडतो. पत्नीचें कांहीं देणें लागतों, हें त्याला कोणी सांगतहि नाहीं. तिची क्षमा जणूं विवाहाच्या दिवशींच मिळून गेलेली.

आणि पंढरीची आख्यायिका तर मुळांत पत्नीच्या रुसव्यापासूनच सुरू होते. रुक्मिणी रागावून द्वारकेहून दिंडीरवनांत निघून आली. तिची समजूत काढायला आलेला देव पुंडलिकाच्या दारीं गेला. त्यानें फेंकलेल्या विटेवर तो उभा राहिला तो कायमचा. रुक्मिणीचें देऊळ आजहि वेगळें आहे.