अक्षरांतून झिरपणारा उजेड

इब्राहिम रोझाच्या आतल्या दालनात पाऊल टाकले की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. विजापूरच्या रणरणत्या उन्हाने डोळे दिपलेले असतात. मग हळूहळू, दाराच्या वरच्या बाजूला एक कमान उजळू लागते. तिच्यात जाळी आहे. जाळी म्हटले की आपल्याला चौकटी, षट्कोन, वेलबुट्टी आठवते. इथे दगडाची पाटी कोरून मधला दगड काढून टाकला आहे आणि उरली आहेत ती अरबी अक्षरे. एकमेकांत गुंतलेली, एकमेकांच्या आधाराने उभी. बाहेरचे ऊन त्यांच्या फटींतून गाळून आत येते आणि अक्षरे काळीभोर दिसतात, शाईने लिहिल्यासारखी.

मला अरबी वाचता येत नाही. तरीही त्या कमानीखालून पाय निघत नाही. अर्थ न कळताही ही लिपी इतकी का भिडते, याचा उलगडा इमारतीत फिरता फिरताच होत गेला.

इस्लामी कलेत अक्षराचे स्थान फार वरचे. ईश्वराचा शब्द ज्या लिपीत उतरला ती लिपी सुंदर लिहिणे हीच एक उपासना. प्रार्थनास्थळात मूर्ती नाही, चित्र नाही. तिथे डोळ्याला विसावा देण्याचे काम अक्षराने केले. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकमध्ये इ. स. ६९१-९२ च्या सुमारासच आतून लांबच लांब लेख सोनेरी काचतुकड्यांत जडवला होता. दिल्लीच्या कुतुबमिनारावर तेच अक्षर दगडी पट्ट्यांतून मिनाराभोवती फिरते. या दोन्ही ठिकाणी अक्षर इमारतीच्या अंगावर आहे, दागिन्यासारखे. दागिना उतरवला तरी अंग राहते. रोझाच्या जाळीतून मात्र अक्षर काढले तर खिडकीच उरणार नाही.

हे ज्याच्या मजारीवर घडले तो दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० साली, लहान वयात गादीवर आला. सुरुवातीला कारभार सांभाळणारी त्याची चुलती म्हणजे अहमदनगरच्या किल्ल्यावरून आपल्या ओळखीची चाँदबिबी. इब्राहिमला संगीताचे वेड होते. त्याच्या तंबुऱ्याचे नाव मोतीखान. दख्खनीत त्याने ‘किताब-ए-नवरस’ लिहिली. रागवार मांडलेल्या त्या गीतांत सरस्वती आणि गणपती यांचेही स्तवन आहे, आणि प्रजा त्याला जगद्गुरू म्हणत असे. ‘नवरस’ या शब्दाने तर त्याला झपाटलेच होते. आपल्या काव्यशास्त्रातले नऊ रस त्यात आहेत आणि फारसी कानाला ‘नव’ म्हणजे ताजा रसही त्यात ऐकू येतो. १५९९ मध्ये त्याने विजापूरच्या पश्चिमेला वसवलेल्या नव्या शहराचे नावसुद्धा नवरसपूर. खलीलुल्लाह नावाच्या सुलेखनकाराने ‘नवरस’ची देखणी प्रत लिहून दिली, तेव्हा इब्राहिमने त्याला ‘लेखणीचा बादशहा’ असा किताब दिला आणि स्वतःच्या तख्तावर बसवले. ज्या दरबारात लिहिणाऱ्याला तख्त मिळते, तिथे लिपीला खिडकी होण्याचा मान मिळाला तर नवल नाही.

१६२४ मध्ये निझामशाहीच्या मलिक अंबरच्या फौजेने नवरसपूर लुटून उद्ध्वस्त केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हा रोझा पुरा झाला आणि १६२७ मध्ये इब्राहिम इथे विसावला. म्हणून मला वाटते, त्याचे खरे नवरसपूर पाहायचे तर इथेच यावे.

रोझा म्हणजे मुळात बाग. पुढे बागेतल्या मजारीला तोच शब्द लागला. खुलताबादला याच अर्थाने रोझा म्हणत. इथेही तटबंदीच्या आत मोकळे आवार आहे. मधोमध एका उंच चौथऱ्यावर पूर्वेला मजार, पश्चिमेला मशीद आणि दोघींच्या मध्ये हौद. मशिदीत कबरी नाहीत आणि मजारीत नमाज नाही, पण घुमट, कोपऱ्यांवरचे सडपातळ मिनार, छज्जे, सारे एकमेकांना साद घालणारे. मशिदीच्या छज्ज्यापाशी अखंड दगडातून कोरलेल्या साखळ्या आहेत. तो दगड आपल्या लेण्यांचा आणि किल्ल्यांचाच, दख्खनचा बेसॉल्ट. छिन्नीला दाद न देणारा. त्याची कडी कडीत अडकवून साखळी काढायची, म्हणजे एकही घाव चुकून चालत नाही.

मजारीभोवती कमानींचा सोपा आहे. प्रत्येक बाजूला सात कमानी. पहिल्या नजरेला सारख्या वाटतात, पण नीट पाहिले तर सातांतल्या दोन अरुंद आहेत. सगळ्या एकाच मापाच्या असत्या तर ती नुसती रांग झाली असती. या दोन अरुंद कमानींनी तिला लय दिली. ठेक्यात मध्येच एखादी मात्रा आवळावी आणि पुढची सम अधिक गोड लागावी, तसे होते. तंबुऱ्याला नाव देणाऱ्या राजाच्या इमारतीत हे सापडले की मन आनंदते.

सोपा ओलांडून आतल्या भिंतीशी या. इथे अक्षराचे दुसरे रूप आहे. जाळीत ते उजेडासमोर काळे होते. भिंतीवर ते भिंतीच्याच रंगाचे, दगडातून किंचित वर उठलेले. रंगाचा फरक नाही. मग ते दिसते कशाने? केवळ स्वतःच्या सावलीने. ऊन सरळ पडले की ओळी भिंतीत विरून जातात. तिरपे झाले की प्रत्येक अक्षराला काळी कड फुटते आणि भिंत बोलू लागते. ‘अलिफ’चे उभे दंड एकापाठोपाठ एक उभे राहतात, खालची गोलाई त्यांना कवेत घेते. सगळे कुराण इथे कोरले आहे असे लोक कौतुकाने सांगतात. कोरल्या आहेत त्या निवडक आयती, आणि सोबत फारसी ओळी. त्यांतून कळते की हा रोझा इब्राहिमची बेगम ताज सुलतान हिच्या आज्ञेने उभा राहिला, देखरेख मलिक संदलने केली आणि खर्च सुमारे दीड लाख होन झाला. सालही अक्षरांतच दडवले आहे. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंकाचे मोल असते. त्या ओळीची बेरीज केली की हिजरी १०३६, म्हणजे इ. स. १६२६-२७ निघते. एकच अक्षर प्रार्थना आहे, नक्षी आहे आणि हिशेबही आहे.

आता पुन्हा आतल्या अंधारात. वर पाहा. बाहेरून दिसलेला घुमट आतून दिसतच नाही. त्याच्या खाली सपाट छत आहे. भिंतींपासून ते थोडे वळत आत येते आणि मध्यभागी दगडी पाट्या कडेला कड लावून आडव्या बसवल्या आहेत. खाली ना खांब, ना तुळई. सांध्यांतल्या चुन्याने त्यांना चारशे वर्षे एकमेकींना धरून ठेवायला लावले आहे. छताच्या वर आणखी एक रिकामे दालन आहे आणि मग घुमट. इब्राहिमच्या मुलाने, महंमद आदिलशहाने, आपल्या गोलघुमटात सुमारे ३८ मीटर व्यासाची पोकळी उघडी करून दाखवली. तिथे माणूस मान वर करून थक्क होतो. इथे तसे काही घडत नाही. छत जवळ येते, आवाज आपोआप खाली उतरतो. समोर कबरी आहेत, राजाची, ताज सुलतानची, घरातल्या इतरांची, आणि त्यांच्यावर अक्षरांतून झिरपलेला उजेड.

छतातल्या पाट्या जशा एकमेकींना धरून आहेत, तशीच जाळीतली अक्षरेही. एकटे अक्षर पडले असते. शब्द झाले म्हणून टिकले. माझ्या मनात घर करून राहिले ते हेच.

निघण्यापूर्वी मी मजारीभोवती एक फेरी मारली. लहानपणापासूनची पायांची सवय, इमारत उजव्या हाताला ठेवून फिरायचे. अर्ध्या फेरीत ध्यानात आले की ओळी माझ्याबरोबर चालताहेत. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते. भिंतीकडे तोंड करून ती वाचायची तर डावीकडे सरकत जावे लागते, आणि इमारत उजवीकडे ठेवून चालणारा माणूस नेमका त्याच दिशेने जातो. देवळातल्या प्रदक्षिणेने शिकवलेली चाल त्या ओळींच्या चालीशी जुळली होती. मी ओळीच्या सुरुवातीपासून शेवटाकडे जात होतो, वाचता येत नसताना.

पुन्हा दाराशी आलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते आणि मघाशी कोरी वाटलेली भिंत अक्षरांनी भरून गेली होती.