पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन : अभ्यासक्रमाचा क्रम चुकतो कुठे?

पाणथळ जागांच्या अभ्यासक्रमात १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या पहिल्याच तासाला येते. पुनरुज्जीवन मात्र शेवटच्या प्रकरणात उरकले जाते. हा क्रम उलटा हवा. हिंदूराव परिसरालगतच्या दिल्ली विद्यापीठातील तज्ज्ञांनी दिल्ली विकास प्राधिकरणासोबत वजिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान उभारले व त्यात पाणथळी तयार केल्या. यातील काही जमीन यमुनेच्या जुन्या पूरमैदानाची. नदीचा नेहमीचा पूर आता तिथे येत नाही. मग याला पुनरुज्जीवन म्हणावे की नवनिर्मिती? केवळ पक्षी आले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पाणी कुठून येते, किती खोल असते, किती महिने टिकते, हे विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात व उन्हाळ्यात स्वतः मोजावे. व्याख्येची चर्चा त्यानंतर करावी.