यादी दिली, पण मोजलं काय?

विश्वासवर्धक उपायांवरच्या टिपणांत एक वाक्य हमखास सापडतं: 'भारत-पाकिस्तानचा अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार यशस्वी आहे, कारण यादी दरवर्षी दिली जाते.' मी विज्ञानाचा विद्यार्थी. मला यातलं 'कारण' खटकतं.

आधी करार पाहू. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादमध्ये सह्या झाल्या, २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांचे अक्षांश-रेखांश एकमेकांना कळवतात. पहिली यादी १९९२ ची, २०२५ ची ३४ वी. मधे कारगिल झालं, २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तरी खंड पडला नाही. तारापूरच्या अणुभट्ट्यांशेजारी राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

पण या ३४ याद्यांनी नेमकं काय मोजलं? नियमितपणा. यादी पूर्ण आहे का, हे तपासायची सोय करारात नाही. व्याख्येत किरणोत्सारी पदार्थांचा 'लक्षणीय साठा' असलेल्या जागाही येतात. लक्षणीय म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. एकक विसरलं तर आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीवर लाल शेरा पडतो. इथे आकडाच नाही.

आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे धुऱ्यावरून वाद झाला की दोघंही आपापली हद्द ठासून सांगतात. शेवटी मोजणी आणावी लागते. नाटो आणि वॉर्सा गटाचंही तसंच झालं. व्हिएन्नातल्या सैन्यकपातीच्या वाटाघाटी १९७३ पासून १९८९ पर्यंत चालल्या आणि कराराविना संपल्या. वॉर्सा गटाचं सैन्य किती, यावरच एकमत होईना. १९९० च्या पॅरिस करारात मात्र प्रत्येक गटाला २०,००० रणगाड्यांची मर्यादा आली, सोबत जागेवर जाऊन तपासणीही.

मग आपला करार कुचकामी? नाही. शस्त्रं कमी करणं हा त्याचा हेतूच नव्हता. पण अणुकेंद्रांवर हल्ला झाला नाही तो करारामुळेच, हे म्हणायला पुरावा हवा. किरणोत्सार सरहद्द ओळखत नाही, ही भीतीही कारण असू शकते.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवा. 'यादी दिली जाते' हे निरीक्षण. 'विश्वास वाढला' हा निष्कर्ष. मधली जागा पुराव्याने भरणं, हेच तर आपलं काम आहे.