वकिलातीच्या सामानातील बाई

ब्रिजिड कीनन यांचे ‘डिप्लोमॅटिक बॅगेज’ (२००५) हे आत्मकथन वरवर हसरे आहे. ‘संडे टाइम्स’मधील फॅशन-पत्रकारिता सोडून युरोपीय आयोगाच्या चाकरीतील पतीमागे त्यांनी दिल्ली, त्रिनिदाद, सीरिया, कझाकस्तान असे विंचवाचे बिऱ्हाड वाहिले. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूताची थैली उघडण्यास मनाई केली, त्याच्या कुटुंबासही अभय दिले. पण पत्नीने आपली विद्या कोठे चालवावी, याविषयी तो करार (आम्ही तो व्यवसायापोटी वाचला आहे) मुका आहे. बाईंचे शल्य नेमके तेथेच. मात्र ते उघडे पडू लागताच त्या हटकून कोटी करतात, आणि वाचक हसत पुढल्या मुक्कामी जातो. ही आम्हांस लेखणीची भीड वाटते. कझाकस्तानातील एकाकीपणाची पाने तेवढी तीतून सुटली आहेत. पुस्तक घ्यावे ते त्यांसाठी.