निगुलिस्तेतील मृत्युनृत्य आणि त्याची भाषा

एस्तोनियाच्या टाल्लिन नगरीतील निगुलिस्ते, म्हणजे संत निकोलसाचे चर्च, तेराव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी स्थापिले. १५२४ साली मूर्तिभंजकांचा जमाव चालून आला तेव्हा कुलपांत वितळलेले शिसे ओतून ते वाचविले, असे परंपरा सांगते. १९४४ च्या मार्चमधील सोव्हिएत बाँबहल्ल्यापासून मात्र ते वाचले नाही. पुनर्बांधणीनंतर, १९८४ पासून, तेथे संग्रहालय आहे. त्यातील सर्वांत ख्यातनाम कृती म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, ल्यूबेकच्या बेर्न्ट नोत्के याची मानली जाणारी ‘मृत्युनृत्य’ ही चित्रमाला. तिचा सुमारे साडेसात मीटरांचा आरंभभागच आज उरला आहे.

मृत्यूपुढे सर्व समान, एवढ्या एका वाक्यात या कृतीचा अर्थ सांगून मोकळे होण्याची प्रथा आहे. ही प्रथा चित्राखालची पद्ये न वाचण्यातून आली आहे. ती पद्ये मध्ययुगीन निम्न जर्मनमध्ये, म्हणजे हॅन्सा व्यापारी संघाच्या भाषेत आहेत. त्यांची घडण संवादाची आहे. मृत्यू आपल्या कडव्यात आधीच्या व्यक्तीच्या विलापाला उत्तर देतो आणि अखेरच्या ओळीत पुढच्या व्यक्तीला तिच्या पदवीने हाक मारतो. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा अशी ही हाक सरकत जाते. आकृतींनी एकमेकींचे हात धरले आहेत, हे खरे. परंतु नृत्य पुढे ढकलते ते हे संबोधन. व्याकरणातील द्वितीय पुरुषाचा इतका निष्ठुर उपयोग क्वचितच आढळेल.

पण ही हाक कोणाला कळत होती? नगरातील एस्तोनियन मजुरांची व सेवकांची भाषा जर्मन कुळातीलही नव्हे. म्हणजे समतेचा हा उपदेश धन्यांच्या भाषेत लिहिलेला होता. इतरांच्या वाट्याला केवळ हाडांचे सापळे आले. चित्र आणि पद्य यांचा श्रोतृवर्ग एकच होता, असे गृहीत धरणारे विवेचन येथेच लंगडे पडते.

ल्यूबेकच्या संत मेरी चर्चमध्येही असेच मृत्युनृत्य होते. १७०१ साली त्याची नवी प्रत करताना निम्न जर्मन पद्यांच्या जागी उच्च जर्मन पद्ये घातली गेली आणि १९४२ च्या हवाई हल्ल्यात ती प्रतही नष्ट झाली. त्या रांगेच्या शेवटाकडे शेतकरी उभा होता. टाल्लिनचा तुकडा राजापाशीच तुटतो.