नगररचनेच्या आदेशांची भाषा : एक परीक्षण

१

कायद्याच्या भाषेची व साहित्याच्या भाषेची समीक्षा एकाच तराजूने करता येत नाही, हे उघड आहे. साहित्यात अर्थाची अनेकता हा गुण ठरतो. आदेशात तोच दोष असतो. तथापि भाषेच्या अभ्यासकाने आदेशाकडे पाहूच नये, असा याचा अर्थ नव्हे. नगरातील सामान्य मनुष्य कादंबऱ्या वाचो अथवा न वाचो, घर बांधताना, विकत घेताना किंवा शेजारी नवी इमारत उभी राहताना महानगरपालिकेच्या अथवा नगरपरिषदेच्या मराठीशी त्याची गाठ पडतेच. आणि त्या मराठीतील एखाद्या वाक्यावर त्याचे छप्पर राहणे वा जाणे अवलंबून असते. महाराष्ट्रातील स्थानिक संस्था बांधकामाच्या अर्जांवर निर्णय कसा देतात व नियमभंगाची दखल कशी घेतात, याचा त्या व्यवहाराच्या भाषेच्या अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या भाषेवरील नेहमीचा आक्षेप तिच्या संस्कृतप्रचुरतेचा असतो. आमच्या मते तो गौण आहे. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्यास कितीही चमत्कारिक वाटो, जमिनीच्या मानाने किती मजलाक्षेत्र बांधता येईल याचे ते माप आहे, एवढे एकदा कळले की शब्द कामाला लागतो. ‘भोगवटा’ हा तर जमीनमहसुलाच्या व्यवहारातील जुना, रुळलेला शब्द. तो ‘भोगवटा प्रमाणपत्रा’त सहज बसला. खरा दोष शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत आहे. निर्णय कोणी घेतला आणि का घेतला, या दोन प्रश्नांची स्थाने तिथे रिकामी राहतात. आणि हे रिकामेपण केवळ शैलीचे नाही, त्याचे परिणाम विटांत व काँक्रीटमध्ये दिसतात.

२

प्रथम कायद्याची चौकट पाहू. १९१५ व १९५४ या सालांच्या मुंबई नगररचना कायद्यांनंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आजचा मुख्य कायदा होय. त्याच्या ४४ व्या कलमान्वये जमीनमालक अर्ज करतो. ४५ व्या कलमान्वये नियोजन प्राधिकरण परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. अटी घातल्या अथवा परवानगी नाकारली, तर आदेशात कारणे नमूद केली पाहिजेत, असे हेच कलम सांगते. बिनशर्त परवानगीला मात्र कारणांचे असे बंधन त्यात नाही. ४७ व्या कलमाने राज्य शासनाकडे अपील करण्याचा मार्ग दिला आहे, तो अर्जदाराला. ज्याच्या खिडकीचा उजेड नव्या भिंतीने जाणार आहे, त्या शेजाऱ्याला तो मार्ग नाही. त्याने न्यायालय गाठावे.

या रचनेमागे एक गृहीत स्पष्ट दिसते. परवानगी हा प्राधिकरण व अर्जदार या दोघांमधील संवाद आहे, आणि होकाराने कोणाचे काही जात नाही. वस्तुतः प्रत्येक होकार हा तिसऱ्या कोणाच्या तरी हवेवर, पाण्यावर, रस्त्यावर परिणाम करीत असतो. म्हणूनच नकारापेक्षा होकाराच्या कारणांची गरज समाजाला अधिक आहे.

याच कलमातील आणखी एक तरतूद भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. साठ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळविला नाही, तर परवानगी दिल्याचे मानले जाते. अर्थात ते बांधकाम विकास योजनेशी व नियमांशी सुसंगत असेल तरच. या ‘मानीव’ परवानगीतील शब्द सुरेख आहे. कोरीव, आखीव, घडीव यांच्या पंक्तीत बसणारा ‘-ईव’ प्रत्यय घेऊन तो अस्सल मराठी पद्धतीने सिद्ध झाला आहे. पण त्याचा आशय पाहावा. येथे मौनालाच उक्तीचा दर्जा मिळाला आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती असते, हा विचार सर्वपरिचित झाला. परवानगीचे वाक्य हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आपल्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकून, वाक्य न उच्चारणे हीही कृती ठरविली. मौन धारण करणाऱ्याने कोणता विचार केला, हे विचारण्यास मात्र जागा उरत नाही.

मुंबईत याच्या उलट विनोद आहे. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या ३४६ व्या कलमाला अनुसरून तेथे इमारतीच्या प्रस्तावाला प्रथम जे पत्र मिळते, त्याचे इंग्रजी नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे सरळ मराठीत नापसंतीची सूचना, असे आहे. व्यवहारात त्याला सर्वजण ‘आयओडी’ म्हणतात, आणि ती मिळाली की पेढे वाटतात! नावात नकार, अर्थात अटींसह होकार. आद्याक्षरांच्या आड मूळ शब्द बुजून गेल्यामुळे ही विसंगती कोणाला खटकत नाही. शब्द व अर्थ यांची इतकी फारकत झाली की, नागरिक कागदाचा अर्थ कागदावरून लावीत नाही. जाणकाराला विचारून लावतो. तो जाणकार पुष्कळदा दलाल असतो.

३

आता कर्त्याचा प्रश्न. आपल्या कार्यालयांतून नेहमी भेटणारे वाक्य असे : ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, परवानगी नाकारण्यात येत आहे.’ मराठी कर्मणी प्रयोगाला याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. ‘आयुक्तांनी परवानगी नाकारली’ हेही कर्मणी वाक्यच आहे. क्रियापद ‘परवानगी’ या कर्माप्रमाणे चालते, परंतु कर्ता तृतीया विभक्तीत का होईना, वाक्याच्या अग्रभागी उभा आहे. मराठीचा स्वाभाविक कर्मणी प्रयोग कर्त्याला झाकीत नाही. झाकते ती ‘-ण्यात येणे’ ही रचना. तीत धातुसाधित नाम सप्तमीत जाते आणि ‘येणे’ हे अकर्मक क्रियापद त्याला जोडले जाते. जणू परवानगी आपल्याच पायांनी चालत नकारापर्यंत आली. ‘-कडून’ लावून कर्ता आणता येतो, पण तो ऐच्छिक असतो, आणि जे ऐच्छिक ते कार्यालयात सहसा गळते.

याहून बोलका नमुना नोटिशीत सापडतो : ‘सदर बांधकाम विनापरवाना असल्याचे निदर्शनास आले आहे. ते आपण स्वखर्चाने काढून टाकावे. अन्यथा ते निष्कासित करण्यात येईल व होणारा खर्च आपणाकडून वसूल करण्यात येईल.’ या वाक्यांत कर्त्यांची वाटणी कशी झाली आहे ते पाहावे. काढून टाकणारे ‘आपण’, खर्च सोसणारेही आपण; नागरिकाची कर्तव्ये आली की कर्ता ठसठशीत होतो. कोणाच्या निदर्शनास आले, कोण पाडणार, कोण वसूल करणार, हे मात्र व्याकरणाच्या पडद्यामागे राहते. शिवाय ‘करण्यात येईल’ या भविष्यकाळाला तारीख नाही. वचन देणारा नसेल तर वचन कसले? तो केवळ एक काळ आहे, आणि तो वर्षानुवर्षे भविष्यच राहू शकतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. मुंबईत वरळी येथील कॅम्पा कोला आवारातील इमारती १९८० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढले. महानगरपालिकेने १९८४ मध्येच काम थांबविण्याची नोटीस दिली होती; बांधकाम थांबले नाही, आणि लोक राहावयास आले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१३ रोजी हे मजले नियमित करून घेण्याची मागणी फेटाळली. जून २०१४ मध्ये महानगरपालिकेने त्या मजल्यांचे वीज-पाणी तोडले. नोटीस आणि कृती यांत तीन दशके गेली. या काळात घर विकणारा आपला नफा घेऊन बाजूला झाला. शिक्षा राहणाऱ्यांच्या वाट्याला आली. नोटिशीतील ‘येईल’ आणि प्रत्यक्ष येणे यांमधील अंतराची ही किंमत होय.

४

नियमभंगाला नाव देण्याच्या रीतीतही भेद आहे. झोपडी असेल तर तिला ‘अतिक्रमण’ म्हणतात. मंजूर आराखड्यापेक्षा जास्त चढलेले मजले ‘वाढीव बांधकाम’ होतात. पहिल्या शब्दात मर्यादा ओलांडणारा मनुष्य दिसतो, दुसऱ्यात केवळ वाढ दिसते, वेलीची किंवा मुलाची व्हावी तशी. सार्वजनिक जागेवरील बांधकाम व स्वतःच्या जमिनीवरील जादा बांधकाम यांत कायदेशीर फरक आहे, हे मान्य. पण त्या फरकाने शब्दांतील ममत्व समजावून देता येत नाही.

‘नियमानुकूल करणे’ या पदाची कथा आणखी उद्‌बोधक आहे. समासाचा विग्रह केला तर नियमाला अनुकूल असे करणे, म्हणजे इमारत बदलून नियमात बसविणे, हा अर्थ निघतो. व्यवहारात इमारत आहे तिथेच राहते आणि नियम तिला अनुकूल होतो. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदाच झाला. पुढे २०१७ मध्ये विधिमंडळाने नगररचना अधिनियमात नवे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन मान्य करण्याची सोय केली. त्याखालील नियमांनी अशा बांधकामांना ‘प्रशमित संरचना’ हे नाव दिले. ‘शम्’ म्हणजे शांत होणे; अग्निशमनातला तोच हा धातू. मिटविलेला असतो तो अपराध, परंतु विशेषण जाऊन चिकटले इमारतीला, आणि अपराध वाक्यातून नाहीसा झाला. फौजदारी कायद्याच्या मराठीत याच कल्पनेसाठी ‘आपसात मिटविण्याजोगा’ असा प्रयोग आहे. तो साधा आहे आणि प्रामाणिकही. कारण ‘आपसात’ म्हटले की, कोणाकोणात, हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. येथे मिटविणारे दोघे म्हणजे प्राधिकरण आणि मालक. ज्याच्या उजेडाचे व पाण्याचे नुकसान झाले, तो या ‘आपसा’त नाही. संस्कृत शब्दाने हा प्रश्नच शमविला.

अशा बांधकामांत लाखो लोक राहतात, त्या सर्वांना रस्त्यावर काढावे काय, असा प्रश्न कोणी करील. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भाषाशास्त्राने द्यावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दया करावयाची तर ती दया म्हणून, कोणाच्या भुर्दंडावर ती होते हे सांगून करावी. तिला नियमाचे नाव देऊ नये.

५

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. शासन ही व्यक्ती नव्हे. आदेश पदाचा असतो, माणसाचा नव्हे. तेव्हा कर्तृलोप हा तटस्थतेचा संकेत आहे. यात तथ्य आहे. परंतु पद हाही कर्ताच आहे. ‘नगररचनाकारांनी’, ‘मुख्याधिकाऱ्यांनी’ असे म्हटल्याने तटस्थता ढळत नाही, उत्तरदायित्व मात्र निश्चित होते. आपल्याकडे तर याची निकड अधिक आहे. इंग्लंडमध्ये मोठे अर्ज निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे खुल्या सभेत येतात; आपल्याकडे अर्जावरील निर्णय सभागृहात होत नाही, तो आयुक्त अथवा मुख्याधिकारी आणि त्यांचा नगररचना विभाग यांच्या स्तरावर होतो. चर्चा नाही, म्हणून इतिवृत्तही नाही. आदेशाचा कागद हीच एकमेव साक्ष.

आणि खुली सभा असूनही कारणे लागतातच, हे इंग्लंडच्याच एका खटल्याने दाखविले. केंट परगण्यातील डोव्हरच्या परिषदेने, निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित अशा भागात पाचशेहून अधिक घरांना, आपल्याच अधिकाऱ्यांची शिफारस बाजूला सारून, परवानगी दिली. ६ डिसेंबर २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पुरेशी कारणे न दिल्यामुळे ती परवानगी रद्द होणे योग्यच ठरविले. होकारालाही कारण लागते, हे तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात, पाडकामापुरते का होईना, याच दिशेने पाऊल टाकले. रस्ते, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांचा अपवाद सोडून, पंधरा दिवसांची पूर्वसूचना, सुनावणी आणि सकारण आदेश ही त्याने आवश्यक ठरविली. संबंधितांचे म्हणणे काय, त्यावर निष्कर्ष काय, बांधकाम शुल्क घेऊन मान्य करण्याजोगे आहे काय, आणि पाडणे हाच एक मार्ग का उरतो, एवढे त्या आदेशात आले पाहिजे. म्हणजे न्यायालयाने आदेशाचा एक प्रकारे वाक्यविन्यासच ठरवून दिला आहे.

स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठीचा वापर अनिवार्य करणारा कायदा २०२२ मध्ये विधिमंडळाने केला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु इंग्रजी कर्तृलोपाच्या जागी मराठी कर्तृलोप आल्याने नागरिकाच्या हाती काय पडले? मराठीकरणाची खरी कसोटी पारिभाषिक शब्दांच्या यादीत नाही. ‘अमुक पदावरील अधिकाऱ्याने, अमुक नियमाच्या आधारे, अमुक कारणासाठी ही परवानगी दिली, शेजाऱ्यांच्या हरकतींवर त्याचे उत्तर असे आहे’, एवढी दोन वाक्ये प्रत्येक मंजुरीच्या कागदावर लिहिता येतात काय, ही ती कसोटी. नोटिशीत त्यांच्या जोडीला कृतीची तारीख आणि ती करणाऱ्याचे पदनाम हवे. यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही, व्याकरणही बदलावे लागत नाही. मराठीत कर्त्यासाठी जागा पूर्वीपासून आहे. ती भरण्याची इच्छा तेवढी हवी.