राजहंसगडावरील दोन अनावरणे

मतयाचना हाही वक्तृत्वाचाच एक प्रकार मानल्यास बेळगावातील तिचा सर्वांत बोलका नमुना शब्दांत नव्हे, पुतळ्यात सापडतो. राजहंसगडावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण मार्च २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोनदा झाले : प्रथम भाजपचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, आणि तीनच दिवसांनी काँग्रेसकडून.

श्रोता एकच, मराठी मतदार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचे त्याचे शल्य दोघांनाही ठाऊक आहे, आणि त्याविषयी दोघेही मौन पाळतात. मराठीतून सरकारी कागद मिळावा, ही त्या शल्याची रोजची बाजू. पुतळ्याला भाषांतर लागत नाही, उताऱ्याला लागते! २०२० साली येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केले, तेथेही संबोधन जातीला होते, भाषेला नव्हे. ही शब्दयोजना सहज घडली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

दुसरी बाजूही निर्दोष नाही. एकीकरण समितीला मत देणे हे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या व्रतासारखे चालले. समितीच्या वक्त्यांनी त्या व्रतालाच कार्यक्रम मानले आणि आपसांत गट पाडले. २०१३ साली दोन जागा, २०१८ साली एकही नाही. तरीही २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारास लाखाहून अधिक मते पडली. दोनच वर्षांनी विधानसभेत पुन्हा शून्य. ते लाखभर मतदार गडावर गेले, असे म्हणवत नाही. समितीच्या सभेत त्यांना नवे काही ऐकावयास मिळाले, असेही म्हणवत नाही.